योग शिकवणाऱ्यांचा स्वतःचा अभ्यास : वर्गात केलेलं धरायचं का?

पहाटपक्षी | सोमवार, रात्री 10:20

नमस्कार मंडळी,

योगासनांवर इथे धागे भरपूर आहेत, पण बहुतेक शिकणाऱ्यांचे. वजन, पाठदुखी, थायरॉइड, सूर्यनमस्कार किती घालावेत, वगैरे. हा धागा शिकवणाऱ्यांसाठी काढतेय. बाकीच्यांनीही लिहा, कारण विद्यार्थ्याला समोरून जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही.

मी चिंचवडला योगवर्ग घेते. सकाळी सहाची बॅच, मग सव्वासातची, साडेदहाला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बायकांची बॅच, संध्याकाळी साडेसहाला नोकरदारांची आणि आठवड्यातून तीनदा रात्री ऑनलाइन. हे ऑनलाइन 2020 च्या लॉकडाउनमध्ये नाइलाजाने सुरू केलं होतं, पण आता दुबई-मस्कतची मंडळी सोडायला तयार नाहीत. शिवाय त्या पैशांवर मुलाच्या दहावीच्या क्लासची फी निघते, म्हणजे मीही सोडायला तयार नाही.

दिवसभर शरीर हलत असतं. कुणी विचारलं तर "माझं काय, चोवीस तास योगच" हे उत्तर तयार असतं. प्रत्यक्षात वर्गात माझं काय होतं? त्रिकोणासन उजवीकडे करून दाखवते, आणि डावीकडची बारी येते तेव्हा मी लोकांचे खांदे सरळ करत फिरत असते. पश्चिमोत्तानासनात वाकते, पण मान वर, कारण मागच्या रांगेत कोण गुडघे वाकवतंय ते बघायचं असतं. श्वास सोडायच्या वेळी बोलायचं असतं, त्यामुळे माझा श्वास सूचनेच्या मापाने चालतो. शवासनात सगळे आडवे आणि माझं लक्ष घड्याळाकडे, कारण पुढच्या बॅचच्या बायका दाराशी कुजबुजायला लागलेल्या असतात.

तर प्रश्न असा की हे अभ्यासात धरायचं का? धरायचं नसेल तर वेळ कुठून काढता? आणि तिसरी गोष्ट. रविवारी वगैरे एकटी चटईवर उभी राहिलेच, तर डोक्यात सूचना सुरू होतात. "उजवा पाय बाहेर, डावा किंचित आत, मांडी वर खेचा." समोर कुणी नसताना माझा वर्ग चालू! हे फक्त माझंच होतं की तुमचंही?

---

जुना_गडी | सोमवार, रात्री 10:51

धरायचं नाही.

पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार. पहिल्या दोन तुमच्याकडे आहेतच, वर्षानुवर्षं रोज चाललंय. तिसरी, म्हणजे जे करतोय त्याच्याकडे आदराने पूर्ण लक्ष देणं, ती वर्गात तुमच्या वाट्याला येत नाही. ती विद्यार्थ्याच्या वाट्याला जाते, आणि जायलाच हवी, कारण त्याचेच पैसे घेतलेत.

सूचनांचं म्हणाल तर माझं अजूनही होतं. वय 71.

---

तिरकस | सोमवार, रात्री 11:08

मी विद्यार्थी, तोही अनियमित. एक बाळबोध शंका. क्रिकेटचा कोच नेटमध्ये उभा राहून बॅटिंग करतो का? त्याला खेळता येत होतं एवढं पुरतं. तसंच योगशिक्षकाला आसनं येत होती, कशी शिकवायची ते कळतं, झालं. रोज स्वतः केलंच पाहिजे हा हट्ट कशासाठी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही भीती आहे की खरंच काही बिघडतं?

(हलके घ्या, पण प्रश्न खरा आहे.)

---

स्वरगंधा | मंगळवार, सकाळी 7:35

तिरकस, कोचपेक्षा गाण्याच्या शिक्षकाचं उदाहरण जवळचं आहे. मी गाणं शिकवते. संध्याकाळी चार ते आठ या वेळात मुली येतात. चार तास गळा चालू असतो, पण त्याला रियाज म्हणता येत नाही. काळी चार पट्टीच्या मुलीसाठी काळी चारला गायचं, पाच मिनिटांनी दुसरीसाठी पांढरी पाच. अलंकार दाखवायचे ते त्यांना झेपतील तेवढ्याच लयीत. स्वतःचा षड्ज शांतपणे लावून त्यात बसायला मिळत नाही. गळा तापतो, तयार होत नाही. वर्षभर असंच चाललं की आपल्याकडे नवीन काही उरत नाही, गेल्या वर्षीचंच पुन्हा देत राहतो. मुलींना कळत नाही. मला कळतं.

बिघडतं ते हे.

---

आडवाटेचा | मंगळवार, सकाळी 9:02

पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार संस्थेत काही वर्षं जात होतो, त्यावरून लिहितो. 1975 साली सुरू झालेली ही वास्तू. तिथे वर्गांच्या वेळा वेगळ्या आणि अभ्यासाच्या वेगळ्या. सकाळच्या अभ्यासाच्या वेळेत कुणी शिकवत नाही. ज्याने त्याने आपापली सतरंजी, विटा, पट्टे, खुर्ची घ्यायची आणि आपलं आपलं करायचं. देशोदेशीचे शिक्षक तिथे येऊन मुकाट्याने भिंतीला पाय लावून पडलेले असायचे. आणि त्याच दालनात एका बाजूला गुरुजी, म्हणजे बी. के. एस. अय्यंगार, स्वतःचा अभ्यास करत. नव्वदीतही. एकेका आसनात इतका वेळ, की आपण तेवढ्यात तीन आसनं उरकून पुन्हा बघावं तर ते तिथेच.

त्यांच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट तर या धाग्यावर सांगायलाच हवी. 1937 मध्ये त्यांचे गुरू कृष्णमाचार्य यांनी त्यांना पुण्याला शिकवायला पाठवलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मराठी येत नव्हती. स्वतःचं शिक्षण थोड्याच काळाचं. समोरचे विद्यार्थी अंगापिंडाने त्यांच्यापेक्षा दणकट. त्यांच्यापुढे टिकायचं तर आपल्याला जास्त यायला हवं, म्हणून ते तासन् तास एकटे अभ्यास करत. म्हणजे पहाटपक्षींच्या उलट झालं. शिकवण्यामुळे अभ्यास बुडाला नाही, उलट वाढला. वर्गात अडलेला प्रश्न घेऊन ते घरी जात आणि स्वतःच्या अंगावर सोडवत.

माझ्या मते किल्ली तिथे आहे. वर्गातून घरी जाताना थकवा घेऊन जाता की प्रश्न?

---

तिरकस | मंगळवार, सकाळी 9:20

आडवाटेचा, उदाहरण भारी, पण पुढे नियमित वर्ग सांभाळायला त्यांची मुलगी आणि मुलगा होते. चिंचवडच्या ताईंचा मुलगा दहावीत आहे.

स्वरगंधा, तुमचं पटलं. कोच मागे घेतो.

---

पहाटपक्षी | मंगळवार, दुपारी 2:40

तिरकस :-)

आडवाटेचा, प्रश्न घेऊन घरी जाते हो, पण तो असा असतो की साडेदहाच्या बॅचमधल्या काकूंचा गुडघा सुजलाय, त्यांना वज्रासनाऐवजी काय द्यायचं. तो त्यांच्या अंगाचा प्रश्न, त्यावर माझ्या अंगात काम होत नाही. तरी तुमचं म्हणणं डोक्यात राहील.

---

हाडवैद्य_नव्हे | मंगळवार, दुपारी 3:15

मी फिजिओथेरपिस्ट. धागा अध्यात्माकडे वळण्याआधी शरीराचं बोलून घेतो, कारण योगशिक्षक माझ्याकडे येतात आणि बहुतेक एकाच तक्रारीने येतात.

बसताना नितंबात जे हाड टेकतं, बरोबर तिथे दुखतं. कडक बाकावर किंवा गाडीत बसलं की जास्त, पुढे वाकलं की जास्त. येणारी व्यक्ती सांगते, "मांडीची मागची शीर आखडलीय, म्हणून मी रोज अजून ताणते." हेच करायचं नाही. मांडीमागचे स्नायू ज्या कंडरेने त्या हाडाला चिकटलेले असतात ती कंडरा चिडलेली असते, आणि खोल वाकल्यावर ती हाडावर दाबली जाते. ताणून तात्पुरतं बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणका.

शिक्षकांनाच हे जास्त का? अंग गरम नसताना करून दाखवतात. पूर्ण खोलीपर्यंत जाऊन दाखवतात, कारण समोरचे बघत असतात. दिवसातून अनेकदा तेच. वर दोन मिनिटं थांबून श्वास वगैरे नाहीच, वाकले, दाखवलं, उठले. आणि पहाटपक्षींनी स्वतःच लिहिलंय, नेहमी एकच बाजू! उजवी बाजू वर्षानुवर्षं दाखवायची आणि डावी फक्त तोंडाने सांगायची. पुढेपुढे कंबर बोलायला लागते.

उपाय कंटाळवाणा आहे. काही काळ खोल पुढे वाकणं बंद. त्या कंडरेला ताण नको, भार हवा. पाठीवर झोपून सेतुबंधासारखी कंबर उचलून स्थिर धरायची, आधी दोन पायांवर, मग हळूहळू एका पायावर, मग वजन. काही महिने लागतात. शिक्षकांना "वाकू नका" सांगितलं की ते असे बघतात जणू मी त्यांचं दुकान बंद करतोय.

म्हणून माझं उत्तर : वर्गात केलेलं अभ्यास म्हणून धरू नका, पण झीज म्हणून जरूर धरा. स्वतःचा अभ्यास ठरवताना ती भरून काढणारा ठरवा. ज्या बाजूने दाखवत नाही ती बाजू आधी करा. जे दिवसभर दाखवता ते घरी वगळा. दिवसभर पुढे वाकत असाल तर घरी पाठीकडची, ताकदीची आसनं.

---

यारा_काठी | मंगळवार, सायंकाळी 6:05

मेलबर्नहून. इथे एका जिममध्ये आणि एका स्टुडिओत शिकवते. पहिल्याच दिवशी स्टुडिओच्या मालकिणीने सांगितलं, तू वर्ग घेतेस तेव्हा ती तुझी कसरत नाही. चटईवरून उतर आणि बोलून शिकव. मला आधी राग आला, कारण आपल्याकडे गुरू करून दाखवतो. पण तोंडाने शिकवायला लागले तेव्हा कळलं की माझ्या निम्म्या सूचना नुसत्या हातवाऱ्यांवर चालत होत्या. आता एखादं अवघड आसन असेल तर विद्यार्थ्यांपैकीच एकीला पुढे बोलावते, तिच्या परवानगीने. संध्याकाळी मी कमी दमलेली असते.

दुसरं, आठवड्यातून एकदा मी दुसऱ्या कुणाच्या तरी वर्गात मागच्या रांगेत जाऊन करते. पैसे भरून. मी शिक्षिका आहे हे तिथे सांगत नाही. डोक्यातल्या सूचनांवर माझ्यापुरतं हेच औषध लागू पडलं : दुसरं कुणी सूचना देत असेल तर आपलं यंत्र गप्प बसतं. सुरुवातीला बसत नाही, ती चुकीचं काय सांगतेय याची यादी करत बसतं. मग दमतं.

---

संत्रानगरी | मंगळवार, रात्री 9:48

नागपूरहून राम राम.

इथे सगळे 'बॅच', 'फी', 'दुकान' बोलून राहिले म्हणून लिहितो. आमच्याकडे रामनगरात जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे, तिथे शिकवायचे पैसे घेत नाहीत. मी नोकरीत असताना सकाळी वर्ग घ्यायला जात होतो, आता निवृत्त झाल्यावरही जातो. एक पैसा नाही. त्यामुळे शिकवणं हा धंदा आणि अभ्यास हा वेगळा, अशी वाटणी मला कधी करावीच लागली नाही. वर्गाआधी आम्ही शिकवणारे लवकर जाऊन आपलं करून घेतो. चार जण सोबत असले की झोप लागत नाही, घरी एकट्याने लागते. मग वर्ग. तो सेवा म्हणून.

शिकवणं हाही योगच आहे बाप्पा. कर्मयोग म्हणा. तुम्ही त्याला अभ्यासाचा शत्रू काहून करून राहिले?

---

पहाटपक्षी | मंगळवार, रात्री 10:30

काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्हाला पेन्शन आहे, मला बॅचेस आहेत. माझ्या वर्गात महिन्याची फी उशिरा आली तर मी सोसायटीच्या ग्रुपवर "gentle reminder" टाकणारी बाई आहे, ते कर्मयोगात कुठे बसतं मला माहीत नाही.

आधी जाऊन चार जणांसोबत करणं मात्र खूप आवडलं.

---

संपादक | मंगळवार, रात्री 10:44

ताई, रोमन शब्द टाळा, देवनागरीत लिहा. चर्चा छान चालली आहे.

---

पहाटपक्षी | मंगळवार, रात्री 10:46

जेंटल रिमाइंडर. क्षमस्व :-)

---

शापोराकाठ | बुधवार, सकाळी 8:10

मी पेडण्याचा. मांद्रे-हरमल पट्ट्यात परदेशी लोकांसाठी जे दोनशे तासांचे शिक्षक-प्रशिक्षण कोर्स चालतात, त्यांत शिकवतो. आमचं गणित सीझनचं. नोव्हेंबर ते मार्च सकाळी साडेसहापासून रात्रीपर्यंत तेच : आसन, शरीररचना, शिकवायची पद्धत, मग त्यांचे सराव-वर्ग तपासायचे. त्या दिवसांत स्वतःचा अभ्यास म्हणून मी फक्त रात्री भिंतीला पाय लावून पडतो, बस. जास्त काही करायला गेलो तर दुसऱ्या दिवशी आवाज बसतो.

जून लागला की शॅक उतरतात, पर्यटक जातात, पाऊस सुरू. तेव्हा माझा खरा अभ्यास. माझे म्हैसूर पद्धतीचे (अष्टांग विन्यास योग करणारे) मित्र याला नावं ठेवतात, त्यांचं रोजचं असतं. शनिवार, अमावास्या आणि पौर्णिमा एवढीच सुट्टी. शिक्षकाने विद्यार्थी यायच्या आधी, अगदी अपरात्री उठून आपलं उरकायचं, अशी त्यांच्याकडे रीत आहे. मी त्यातल्या काहींना तिशीत पार थकलेलं पाहिलंय. रोजचं हे चांगलंच, पण एकाच मापाचं रोज सगळ्यांना कसं जमेल? शेतकरीही बारा महिने पेरत नाही.

आणखी एक बोलतो, थोडं कडू आहे. या कोर्समध्ये येणाऱ्यांत अनेकांचा स्वतःचा अभ्यास वर्षभराचाही नसतो. महिनाभरात दोनशे तास, हातात प्रमाणपत्र, आणि घरी जाऊन लगेच वर्ग. ज्याचा अभ्यास कधी बसलाच नाही त्याचा शिकवण्यामुळे मोडेल काय? पहाटपक्षींना निदान काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय.

---

जुना_गडी | बुधवार, सकाळी 11:25

संत्रानगरी, तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. शत्रू मी ठरवलेला नाही. स्वात्मारामांची हठप्रदीपिका उघडा, पहिला उपदेश, पंधरावा श्लोक :

अत्याहारः प्रयासश्च प्रजल्पो नियमग्रहः ।
जनसङ्गश्च लौल्यं च षड्भिर्योगो विनश्यति ॥

योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी. अति खाणं, अति श्रम, अति बोलणं, नियमांचा अट्टहास, लोकांत सतत मिसळणं आणि मनाचा चंचलपणा. आता पहाटपक्षींचं वेळापत्रक घ्या. पाच बॅचेस म्हणजे अति श्रम. प्रत्येक बॅचमध्ये तासभर अखंड बोलणं. दिवसभर माणसंच माणसं. सहापैकी तीन गोष्टी हा त्यांच्या कामाचा भागच आहे, त्यांत त्यांचा दोष काही नाही. पुढच्याच श्लोकात योग सिद्ध करणाऱ्या सहा गोष्टी आहेत, त्यांत शेवटी पुन्हा जनसंगपरित्याग. एवढं महत्त्व त्याला.

स्वात्माराम ज्याला उपदेश करत होते तो मठीत एकटा राहणारा साधक होता, आठवड्याला पंचवीस वर्ग घेणारा संसारी माणूस नव्हे, हे मान्य. म्हणून मी म्हणत नाही की शिकवू नका. मी स्वतः तीस वर्षं शिकवलं, आधी शाळेत, मग ठाण्यात सकाळच्या वर्गात. पण यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तुमचा अभ्यास हा वर्गाच्या उलट असला पाहिजे. वर्गात बोलता, तर इथे अजिबात बोलणं नाही, मनातलंही शक्य तेवढं नाही. वर्गात माणसं, तर इथे एकांत. इथे संत्रानगरींशी माझा मतभेद आहे, चार जण जमवून केलेलंही शेवटी गप्पांत जातं. अनुभव आहे. वर्गात श्रम, तर इथे कमी आसनं आणि जास्त वेळ.

दुसरी, त्या यादीत नियमग्रहही आहे. "दीड तास झाला नाही म्हणजे अभ्यासच झाला नाही", हा हट्टसुद्धा अभ्यास मोडतो. वेळ कमी आहे म्हणून शून्य करणारे मी जास्त पाहिलेत, वेळ नसलेले कमी.

---

संत्रानगरी | बुधवार, दुपारी 1:05

दादा, श्लोक मान्य. पण जनसंग म्हणजे कुणाचा संग ते पाहा न. साधकांचा संग तो जनसंग नव्हे, सत्संग. आमच्या इथे पहाटे कुणी बोलतच नाही. थंडीत बोलायची इच्छाही होत नाही.

---

स्वरगंधा | बुधवार, दुपारी 4:50

जुना_गडी, "वर्गाच्या उलट" हे गाण्यालाही लागू पडतंय. मी पहाटे फक्त खर्ज लावते, एक तंबोरा, शब्द नाहीत, बंदिश नाही. मुलींना शिकवण्यासारखं त्यात काहीच नसतं. म्हणूनच ते माझं राहतं असं वाटतं.

---

आडवाटेचा | बुधवार, सायंकाळी 5:30

स्वरगंधांनी फार महत्त्वाचं लिहिलं. शिक्षकाच्या अभ्यासात आणखी एक भुंगा असतो : स्वतः करताना काही छान सापडलं की लगेच "हे उद्या सहाच्या बॅचला द्यायचं." झालं, आसन तिथेच संपलं. आता तुम्ही पाठाचं टाचण काढताय. मी काही काळ शिकवत होतो तेव्हा हा भुंगा मला सर्वांत जास्त छळायचा. उपाय एवढाच केला की सापडलेलं लगेच वापरायचं नाही. काही आठवडे मुरू द्यायचं. तोवर त्यातलं निम्मं खोटं ठरायचं, बरंच झालं.

हाडवैद्यांच्या मताशी सहमत, पण एक भर. विटा, पट्टा, लोड, खुर्ची हे सामान आपण विद्यार्थ्यांसाठी काढतो आणि स्वतःसाठी कमीपणाचं मानतो. दमलेल्या शिक्षकाने दुपारी लोडावर पाठ टेकून सुप्त बद्धकोणासन किंवा विटेवर सेतुबंध सर्वांगासन करावं. दहा मिनिटं. त्यात दाखवण्यासारखं काही नसतं, हाच त्याचा फायदा.

---

तिरकस | बुधवार, रात्री 8:15

विद्यार्थ्याच्या बाजूने, विचारलंय म्हणून. आमच्या सरांचा अभ्यास चालू आहे की नाही हे मला आसनांवरून कळत नाही, ते तसेच लवचीक आहेत. कळतं ते घाईवरून. काही महिने ते सूचना पाठ म्हटल्यासारख्या देतात, सगळ्यांना एकच, आणि पुढच्या आसनाकडे पळतात. मग कधीतरी बदलतं. थांबतात, बघतात, "तुला इथे काय वाटतंय?" असं विचारतात. आता हा धागा वाचून वाटतंय की त्या काळात त्यांचं स्वतःचं चालू असावं. विचारणार नाही, उगाच भलती आसनं करायला लावतील.

---

नवशिकी_शिक्षिका | बुधवार, रात्री 9:30

पहिल्यांदाच लिहितेय. नुकतंच आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा देऊन शिकवायला लागले. 21 जूनच्या आसपास सगळ्या कंपन्यांना एकदम योग आठवतो, तेव्हा योगदिनाचा ठरलेला पंचेचाळीस मिनिटांचा तोच क्रम (प्रोटोकॉल) दिवसात तीन-तीन ठिकाणी घेतला. आठवड्याने घरी चटई उघडायची इच्छाच उरली नाही. हे असं होणं नॉर्मल आहे का? आणि प्राणायाम नेमका कधी करायचा? सकाळी वर्ग, दुपारी जेवण, संध्याकाळी वर्ग. पोट रिकामं असं कधीच नसतं.

---

जुना_गडी | बुधवार, रात्री 9:58

अगदी नॉर्मल. जूनमधल्या त्या आठवड्यानंतर दोन दिवस काहीही करू नका, तिसऱ्या दिवशी फक्त शवासन करा.

प्राणायामाला दोन जागा आहेत. पहाटे वर्गाला निघण्याआधी, चहाच्या आधी. नाहीतर संध्याकाळच्या वर्गापूर्वी, दुपारचं जेवण होऊन चार तास झालेले असतील तर. वर्गाच्या लगेच मागे मात्र बसू नका, आवाज आणि श्वास दोन्ही तापलेले असतात. आणि वर्गात कपालभाती करून दाखवता ती प्राणायामात मोजू नका, ती मुळात शुद्धिक्रिया आहे.

---

पहाटपक्षी | गुरुवार, सायंकाळी 5:10

सगळ्यांचे आभार. आज दुपारी बसून वही काढली आणि काही गोष्टी ठरवल्या.

साडेदहाच्या बॅचला सांगितलं की आठवड्यातले दोन दिवस मी करून दाखवणार नाही, बोलून शिकवणार. एक काकू म्हणाल्या, "मग आम्ही फी पूर्ण का द्यायची?" यारा_काठी, तुमच्या मालकिणीला इकडे पाठवा.

दाखवायची बाजू आठवड्याला बदलणार. सोमवारपासून डावी. हे इतकं साधं आहे की राग येतोय, इतकी वर्षं मला शिकवणाऱ्यांपैकी हे कुणी सांगितलं नाही.

स्वतःचा अभ्यास दुपारी साडेचारला, कारण पहाटे साडेचारला उठतेच, त्याच्याही आधी उठणं मला जमणार नाही, उगाच शपथ घेत नाही. एकला जेवते, म्हणजे जुना_गडींचा चार तासांचा हिशेब थोडा कमी पडतो, पण आसनांना चालेल आणि प्राणायाम शेवटी. सासूबाईंचा साडेचारचा चहा हीच काय ती अडचण. त्या म्हणाल्या, "तू दार लाव, मी माझा करून घेईन, पण तुझा पण घेऊन येऊ का?"

संत्रानगरी काका, तुमची पहाटेची मंडळी मला मिळत नाहीत, पण माझ्याच दोन जुन्या विद्यार्थिनी रविवारी सकाळी यायला तयार आहेत. अट घातलीय की त्या दिवशी मला ताई म्हणायचं नाही आणि काही विचारायचं नाही. जुना_गडी नाराज होतील, पण बघू या गप्पांत जातं का.

सूचनांचं अजून तसंच आहे. काल अर्धा तास होते, त्यात स्वतःला दोनदा "छान" म्हणाले.

हाडवैद्य, एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय ते नितंबाच्या हाडापाशी दुखणं, ते मला उजवीकडे आहे, स्कूटरवरून उतरताना जास्त. मी इतके दिवस ते सायटिका समजत होते आणि रोज पश्चिमोत्तानासनात जास्त वेळ थांबत होते. काय करू?

---

हाडवैद्य_नव्हे | गुरुवार, सायंकाळी 5:42

आधी ते जास्त थांबणं आजपासून बंद.

दुखणं मांडीमागून गुडघ्याखाली पावलापर्यंत जातं का, मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, खोकताना-शिंकताना कळ येते का, एवढं पाहा. असेल तर कमरेची तपासणी आधी. नसेल आणि बोट ठेवून "बरोबर इथे" असं दाखवता येत असेल, तर कंडरेची शक्यता जास्त. तरी धाग्यावर निदान होत नाही, जवळच्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवा. तोवर पुढे वाकायचं झालं तर गुडघे मोकळे ठेवून, अर्ध्यावर. आणि सोमवारपासून डावी बाजू दाखवणार आहात ना, ती पूर्ण खोलीपर्यंत दाखवू नका, नाहीतर सहा महिन्यांनी डावीकडचं घेऊन याल.